शिकणाऱ्याला चुकायची मुभा द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी आपल्या पेपरात एका वाचकाचं पत्र आलं होतं. सरकारी बँकेतल्या लोकांना कॉम्प्युटर धड येत नाही, नवीन काही शिकायची त्यांची तयारीच नसते, पन्नाशी उलटलेल्यांना घरी पाठवा आणि तरुण पोरं भरा, असं त्यात लिहिलं होतं. मी ते दोनदा वाचलं. राग आला हे खरं, पण त्या वाचकाला लाइनीत दीड तास उभं राहावं लागलं होतं आणि त्याचा तो त्रास खोटा नाहीये, म्हणून रागात काही लिहायचं नाही असं ठरवलं आणि चार दिवस थांबून आज लिहायला बसले.

मी १९८४ साली क्लार्क म्हणून लागले आणि २०२२ ला हेड कॅशियर म्हणून रिटायर झाले. अडतीस वर्षं, त्यातली बरीचशी सातारा जिल्ह्यातल्या बाजारगावांमध्ये गेली. या अडतीस वर्षांत आमच्या कामाची पद्धत किती वेळा मुळापासून बदलली ते बाहेरच्या माणसाला दिसत नाही, कारण काउंटर तिथंच असतं, काचही तीच असते आणि आत बसलेलं माणूसही तेच असतं.

मी लागले तेव्हा सगळं लेजरवर, म्हणजे खातेवहीत, होतं. जाडजूड बाइंडिंगची लेजरं, एक उचलायची म्हणजे दोन्ही हात लागायचे. विड्रॉल स्लिप आली की पितळी टोकन द्यायचं, लेजर काढून बॅलन्स बघायचा, सहीचं कार्ड काढून सही ताडायची, पोस्टिंग करायचं, म्हणजे व्यवहार लेजरात उतरवायचा, मग साहेबांकडे पासिंगला, म्हणजे मंजुरीला, तिथून कॅशमध्ये. महिन्याच्या शेवटी बॅलन्सिंग असायचं, म्हणजे एकेका खात्याचा बॅलन्स उतरवून काढायचा आणि सगळ्यांची बेरीज जनरल लेजरशी, म्हणजे शाखेच्या एकूण हिशोबाच्या वहीशी, जुळवायची. जुळली नाही की सगळे बसायचे, रात्री नऊ नऊ वाजेपर्यंत. माझ्या पहिल्या बॅलन्सिंगला ६३ रुपयांचा फरक आला होता आणि मला रडू फुटायच्या बेतात होतं, तेव्हा शेजारच्या टेबलावरचे अण्णा म्हणाले, फरकाला नऊने भाग जातोय का बघ, जात असेल तर कुठंतरी आकडे उलटे पडलेत. ६३ ला नऊने भाग जातो. शोधत गेले तर एका खात्यात ९२ च्या जागी २९ लिहिले होते. मीच लिहिले होते. अण्णांनी ते कुणाला सांगितलं नाही, लाल शाईने दुरुस्त केलं, शेजारी इनिशिअल मारली आणि म्हणाले चला आता चहा.

हे मी आठवण म्हणून सांगत नाहीये, यातच माझा मुद्दा आहे. चूक व्हायची, सापडायची, सगळे मिळून शोधायचे आणि ज्याची चूक त्याला शिकायला मिळायचं.

मग मशीन आली. १९८३ साली बँकांची संघटना आणि कर्मचारी संघटना यांच्यात यंत्रं आणायचा करार झाला होता, आणि १९८४ मध्ये रिझर्व्ह बँकेनं नेमलेल्या डॉ. सी. रंगराजन समितीचा अहवाल आला, त्यानंतर हळूहळू शाखाशाखांत ॲडव्हान्स्ड लेजर पोस्टिंग मशीन यायला लागली. नाव लेजर मशीनचं, पण होता तो कॉम्प्युटरच. आमच्याकडे यायला १९९१ उजाडलं. त्या वेळी युनियनने खूप विरोध केला, मोर्चे काढले, आम्हीही दंडाला काळ्या फिती लावून काम केलं, आणि आज लोक त्यावर हसतात की बघा, हे लोक कॉम्प्युटरला घाबरत होते. पण त्या विरोधामुळे काय झालं तेही बघा ना. बोलणी झाली, किती मशीन, कुठल्या शाखेत, कुणाला काढायचं नाही, मशीनवर बसणाऱ्याला स्पेशल अलाउन्स, हे सगळं कागदावर आलं. आणि मशीन आलं तेव्हा आम्हाला वेळ मिळाला. तीन महिने आमच्या शाखेत पॅरलल रन चालला, म्हणजे दिवसभर व्यवहार लेजरलाही लिहायचे आणि मशीनमध्येही टाकायचे, संध्याकाळी दोन्ही जुळवायचे. काम दुप्पट होतं, कंबर मोडायची, तरी आम्ही कुरकुर केली नाही, कारण मशीनमध्ये काही चुकलं तरी लेजर शाबूत होतं. गिऱ्हाइकाचा एक पैसा इकडचा तिकडे झाला नाही. त्या तीन महिन्यांत आमच्याकडून किती चुका झाल्या याला गणती नाही, एकदा तर सगळ्या दिवसाचं पोस्टिंग आदल्या तारखेला पडलं, पण एकाही चुकीचा मेमो कुणाला मिळाला नाही. चौथ्या महिन्यात लेजर बंद केलं तेव्हा हात बसला होता.

अण्णा तेव्हा हेड कॅशियर झाले होते. बोटांनी नोटा मोजायचा त्यांचा वेग असा होता की गिऱ्हाईक बघत उभं राहायचं, आणि खोटी नोट त्यांना मोजता मोजताच लागायची, बघायचीसुद्धा गरज नाही. पण की-बोर्डला हात लावायला तयार नव्हते. माझ्याच्याने होणार नाही, मी आता सुटतो, असं घरी जाऊन सांगितलं होतं त्यांनी. मी तेव्हा मशीनवर बसत होते. मी त्यांना पूर्ण की-बोर्ड दाखवलाच नाही. उजव्या बाजूला आकड्यांचा जो चौकोन असतो ना, तेवढाच दाखवला, बाकीच्यावर वर्तमानपत्र टाकलं आणि म्हटलं अण्णा, एवढ्यावर फक्त बेरजा मारा, मधल्या पाचच्या बटणावर बारीक उंचवटा आहे तो बोटाला लागतो, तिथून मोजत जायचं. तीन दिवसांत ते न बघता आकडे मारायला लागले. ज्या बोटांना नोटेचा कागद कळतो त्यांना बटण कळायला किती वेळ लागणार. सहा महिन्यांनी त्यांचा एन्ट्रीचा वेग माझ्यापेक्षा जास्त होता, आणि २००१ साली ते रिटायर होईपर्यंत शाखेतल्या नवीन पोरांना आकड्यांचा चौकोन तेच शिकवायचे, वर्तमानपत्र टाकूनच.

त्याच काळात स्वेच्छानिवृत्ती आली. २०००-२००१ मध्ये देशभरातून साधारण लाखभर बँक कर्मचारी एका दमात बाहेर पडले. आमच्या शाखेतून तिघं गेली. त्यातल्या दोघांना खरं तर जायचं नव्हतं, त्यांना वाटलं पुढचं आपल्याला झेपणार नाही. त्यांच्या शेजारी कुणी वर्तमानपत्र टाकून बसलं असतं तर ती थांबली असती असं मला आजही वाटतं, आणि त्यांच्याबरोबर गावातल्या दोन पिढ्यांची माहितीही गेली, कुणाचा बाप कोण, कुणाची जमीन कुठं, कुणाला कर्ज द्यायचं आणि कुणाला गोड बोलून परत पाठवायचं.

नंतर २००७ ला कोअर बँकिंग आलं. हा सगळ्यात मोठा बदल. तोपर्यंत खातं शाखेचं असायचं, आता ते बँकेचं झालं, साताऱ्यात खातं आणि पैसे भरले ठाण्यात. लोकांच्या दृष्टीनं फार चांगलं झालं हे मी छातीठोक सांगते. मुंबईला माथाडीत काम करणारा माणूस आधी गावी पैसे पाठवायला मनीऑर्डर करायचा नाहीतर गावाकडं निघालेल्या कुणाच्या तरी हातात द्यायचा, तो आता तिथल्या शाखेत भरायला लागला आणि इकडं म्हातारी तासाभरात काढायला यायची. अजून एक सांगते. पूर्वी बचत खात्याचं व्याज काढताना महिन्याच्या दहा तारखेपासून अखेरपर्यंत जो कमीत कमी बॅलन्स असेल त्याच्यावर धरायचे, म्हणजे दहा तारखेनंतर पैसे भरले तर त्या महिन्याचं व्याज नाही, आणि पंचवीस तारखेला एक दिवस पैसे काढले तरी व्याज बुडालं. १ एप्रिल २०१० पासून रोजच्या बॅलन्सवर व्याज सुरू झालं, ते कॉम्प्युटर होता म्हणूनच जमलं, हातानं रोजचं प्रॉडक्ट, म्हणजे रोजच्या बॅलन्सचा व्याजासाठीचा हिशोब, काढायचा म्हटलं असतं तर आम्ही मेलोच असतो. त्यामुळे मी तंत्रज्ञानाच्या विरोधात आहे असं कुणी कृपा करून समजू नये.

पण कोअर बँकिंगला पॅरलल रन झाला नाही. होऊ शकत नव्हता म्हणे. शनिवार-रविवारी डेटा गेला आणि सोमवारी नवीन स्क्रीन. ट्रेनिंग दोन दिवसांचं, जिल्ह्याच्या ठिकाणी, एका मशीनवर तीन तीन माणसं, त्यातला जो पुढं बसला तोच शिकला. आणि तो सोमवार बाजाराचा दिवस. सकाळी साडेदहाला लिंक गेली. तेव्हा छतावर डिशची छत्री असायची, ढग आले तरी लिंक जायची. बाहेर दोनशे माणसं, आत आम्ही सात, आणि बोर्ड लावला 'लिंक नाही'. शेतकरी विचारायचे की मॅडम, पैसे तिजोरीत आहेत ना, मग द्या की. काय सांगणार त्यांना.

इथंच सगळ्यात महत्त्वाची गोष्ट घडली आणि ती कुणी बोलत नाही. नवीन सिस्टीममध्ये प्रत्येकाला युजर आयडी आणि पासवर्ड असतो, एकानं एन्ट्री करायची आणि दुसऱ्यानं पास करायची. आम्हाला मेकर-चेकर म्हणायचे. कल्पना उत्तम आहे. पण याचा अर्थ असा की तुम्ही दाबलेलं प्रत्येक बटण तुमच्या नावावर जमा होतं, तारीख वेळेसकट, कायमचं. अण्णांची लाल शाई गेली. आता शिकतानाची चूकही खऱ्या खात्यात, खऱ्या पैशांत आणि तुमच्या नावानं. मग माणूस काय करतो? जेवढं येतं तेवढंच करतो, नवीन बटणाला हात लावत नाही, शेजारच्याला म्हणतो तूच कर. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं याला शिकायचंच नाही. अहो, शिकायचं असतं, पण धास्ती असते, आणि ती रास्त असते.

आमच्या एका शाखेत एक साहेब होते, रिटायरमेंटला दोन वर्षं राहिलेली, माणूस सोन्यासारखा. पासिंग त्यांच्याकडे. त्यांना स्क्रीन भराभर बदलता यायची नाही, चष्मा वर करून करून बघायचे, आणि समोर गर्दी, लोक ओरडतायत, वरून फोन येतायत. शेवटी त्यांनी आपला पासवर्ड कागदावर लिहून एका पोराला दिला, म्हणाले तूच पास कर रे बाबा. एकदा दिला तो दिलाच. आणि हे एकट्या त्यांचं नव्हतं, त्या काळात किती शाखांत असं चालायचं ते आम्हा सगळ्यांना माहीत आहे. पुढे दीड वर्षानं एका कर्जखात्यात पैसे चुकीचे गेले, चौकशी लागली, लॉग, म्हणजे कॉम्प्युटरमधली ती कायमची नोंद, काढला तर सगळीकडे साहेबांचं नाव. ज्या वेळेला पास केल्याची नोंद होती त्या वेळेला ते माझ्यासमोर डबा खात बसले होते, मी स्वतः साक्षीला सांगितलं, पण लॉगपुढं माझं काय चालणार. रिटायरमेंटनंतर दोन वर्षं त्यांचे पैसे अडकले होते. मुलीच्या लग्नाला त्यांनी सोसायटीचं कर्ज काढलं. पासवर्ड देणं ही चूकच, मी त्याचं समर्थन करत नाही. पण त्या माणसाला आधी पंधरा दिवस एखाद्या खोट्या शाखेवर, म्हणजे ज्यात पैसे खरे नाहीत अशा सिस्टीमवर, बसून हात साफ करायला दिला असता तर पासवर्ड द्यायची वेळच आली नसती ना.

मग २०१४ ला जनधन आलं, २८ ऑगस्टला एका दिवसात देशभर दीड कोटी खाती उघडली, त्यातली काही आमच्या हातची. नोटबंदीचं तर काय सांगू. ८ नोव्हेंबर २०१६ ची रात्र, ९ ला बँक लोकांसाठी बंद आणि १० ला सकाळी सहा वाजल्यापासून लाइन. बदलून द्यायची मर्यादा आधी ४,००० होती, चार दिवसांत ४,५०० झाली, पुन्हा चार दिवसांत २,००० आणि २४ तारखेनंतर बदलून देणंच बंद. मधेच बोटाला शाई लावायची ठरलं. दोन हजाराची नोट आकारानं वेगळी, ती एटीएमच्या कॅसेटमध्ये बसेना, एकेक एटीएम उघडून बदलायला लागलं. नियम सकाळी एक, संध्याकाळी दुसरा, आणि आम्हाला बऱ्याचदा टीव्हीवरूनच कळायचा, गिऱ्हाईकच सांगायचं मॅडम आता साडेचार हजार झाले. तरी त्या पन्नास दिवसांत आमच्या शाखेत कामाच्या एकाही दिवशी काउंटर बंद राहिलं नाही. जे लोक म्हणतात की बँकवाल्यांना बदल झेपत नाही त्यांनी ते पन्नास दिवस आठवावेत. आणि हेही लिहून ठेवा की त्या दिवसांत कॅशमध्ये जी कमी आली ती कॅशियरनं पदरची भरली. माझी स्वतःची ११,५०० रुपये. कुणाला दोष देत नाही, नियमच तसा आहे, शॉर्ट आली तर कॅशियरनं भरायची. पण नियम लिहिला तेव्हा रोज असा डोंगर मोजायला लागेल असं कुणाच्या डोक्यात होतं?

आता आजचं सांगते. माझी सून एका बँकेत आहे, दुसऱ्या जिल्ह्यात, नाव मुद्दाम देत नाही. ती तिशीतली आहे, इंजिनिअरिंग केलंय, मोबाइल तिच्या हातात जन्मापासून आहे म्हटलं तरी चालेल. म्हणजे त्या वाचकाला हवं आहे तसं तरुण रक्त. तिची काय अवस्था आहे? रात्री सव्वानऊला व्हॉट्सॲप ग्रुपवर पीडीएफ येते, अमुक कामासाठी उद्यापासून हे नवीन ॲप वापरायचं, जुना पर्याय बंद. पीडीएफ इंग्रजीत, बावीस पानं. स्वयंपाकघरात कणीक भिजवता भिजवता ती फोन टेकवून वाचते, मी बघते ना. लहान मुलगा झोपायचाय, त्याला मी घेते. सकाळी काउंटरला गेलं की ॲप उघडतच नाही, उघडलं तर ओटीपी येत नाही, आणि समोर बायका उभ्या. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजना आली तेव्हा आधार खात्याला जोडलंय की नाही हे विचारायला ज्या लाइनी लागल्या त्या सगळ्यांनी बघितल्यात. त्यातल्या कितीतरी जणींचं खातं एका बँकेत आणि आधार दुसऱ्याच बँकेला जोडलेलं, पैसे तिकडे गेलेले, आणि ते समजावून सांगायचं काम काउंटरवरच्या मुलीचं. त्या बायकांना वाटायचं हीच पैसे अडवतीय.

एक दिवस ती घरी आली ती बोललीच नाही. जेवताना सांगितलं, नवीन स्क्रीन अडकली, एन्ट्री गेली की नाही कळेना म्हणून तिनं पुन्हा एंटर मारलं आणि पाच हजार एका खात्यात दोनदा जमा झाले. संध्याकाळी कॅश जुळेना तेव्हा कळलं. तोपर्यंत त्या माणसानं एटीएममधून काढून नेले होते, फोन केला तर उचलत नाही. पाच हजार तिनं भरले. स्क्रीन अडकणं ही तिची चूक का? तिनं मॅनेजर साहेबांना विचारलं तर ते म्हणाले, अगं मला मान्य आहे पण लॉगमध्ये एंटर दोनदा दिसतंय. पुढे महिनाभर ती प्रत्येक एन्ट्रीनंतर खातं उघडून बघायची, मगच पुढच्या माणसाला हात करायची. लाइन हळू झाली. मला तर वाटतं, त्या पत्र लिहिणाऱ्या वाचकाला ज्या काउंटरनं दीड तास उभं केलं तिथं अशीच कुणीतरी पोळलेली मुलगी असेल.

बदल थांबवा असं म्हणत नाहीये मी. थांबणारही नाही. एका बँकेतून दुसऱ्या बँकेत पैसे पाठवायचं एनईएफटी डिसेंबर २०१९ पासून चोवीस तास झालं, मोठ्या रकमांचं आरटीजीएस डिसेंबर २०२० पासून, यूपीआय तर भाजीवालीकडे आहे. चेक आधी प्रत्यक्ष क्लिअरिंगला जायचा, मग त्याचा नुसता फोटो जायला लागला आणि आता ऑक्टोबर २०२५ पासून दिवसभर क्लिअरिंग चालू असतं, पूर्वीसारखं एकदा सकाळी गठ्ठा पाठवला की सुटलो असं नाही. २०२० च्या एप्रिलमध्ये बँकांचं विलीनीकरण झालं तेव्हा त्या विलीन झालेल्या बँकांमधल्या हजारो लोकांनी कोरोनाच्या काळात, तोंडाला मास्क लावून, दुसऱ्या बँकेची सगळी पद्धत नव्यानं शिकली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. शिकले, काम केलं, घरी गेले.

आणि शिकलेलं कसं कामाला येतं त्याचं एक उदाहरण देते, परवाचंच. सुनेच्या काउंटरला एक आजोबा आले, पंच्याहत्तरीचे, एफडी मोडायची म्हणाले, सगळी, आत्ताच्या आत्ता. स्क्रीनवर सगळं व्यवस्थित होतं, सही बरोबर, केवायसी बरोबर, सिस्टीमला काहीच अडचण नव्हती. पण त्यांच्या शर्टाच्या खिशात फोन होता आणि त्याचा दिवा चालू होता, आणि आजोबा बोलताना सारखा खिशावर हात ठेवत होते. हिनं कागदावर लिहून समोर धरलं, आजोबा फोनवर कुणी आहे का? त्यांनी मान हलवली. डोळ्यांत पाणी. डिजिटल अरेस्टचा प्रकार होता, पोलीस असल्याचं सांगून तीन तास फोन चालू ठेवायला लावला होता. पंतप्रधानांनी २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये 'मन की बात'मध्ये ज्याबद्दल सावध केलं होतं तेच. हिनं त्यांना आत नेऊन बसवलं, फोन बंद केला, मुलाला बोलावलं. एफडी वाचली. आम्ही पूर्वी सहीचं वळण ओळखायचो, ही माणसाचा थरथरणारा हात ओळखते. हे तिला कुठल्या पीडीएफमध्ये मिळालं नाही, ते काउंटरवर बसून बसून आलं, आणि त्या वेळी तिच्या मागं लाइन लावून ओरडणारं कुणी नव्हतं म्हणून तिला बघायला सवड मिळाली.

आता रोज ऐकते की एआय येणार, चौकशीला माणूस लागणार नाही, अर्धी कामं आपोआप होणार. येऊ दे. पण आणताना आमच्या वेळचं थोडं आठवा. नवीन सिस्टीम द्यायच्या आधी शाखेत एका कोपऱ्यात एक मशीन असं ठेवा की ज्यात खोटी खाती आणि खोटे पैसे असतील, त्यावर माणसाला हवं तेवढं चुकू दे. ट्रेनिंग ड्यूटीच्या वेळेत द्या, रात्री सव्वानऊला नाही. सूचना मराठीत द्या, आमची पोरं इंग्रजी वाचतात पण घाईत वाचलेलं इंग्रजी आणि घाईत वाचलेलं मराठी यात फरक असतो. बदल एक तारखेला, पगार-पेन्शनच्या आठवड्यात, बाजाराच्या दिवशी सुरू करू नका, हे ठरवायला कुठली समिती लागत नाही. नवीन सिस्टीमच्या पहिल्या महिन्यात स्क्रीन अडकल्यामुळे किंवा दोनदा दाबल्यामुळे आलेली कमी कर्मचाऱ्याच्या खिशातून घेऊ नका, मुद्दाम केलेलं आणि शिकताना झालेलं यातला फरक लॉगमध्ये दिसत नसेल पण साहेबांना दिसतो. आणि प्रत्येक शाखेत एका माणसाला, वयानं मोठा असो की लहान, ज्याला शिकवता येतं त्याला, आठवड्यातले चार तास काउंटरवरून मोकळं करा. शिकवणारा शेजारी बसलेला असला की पन्नाशीचाही शिकतो. हे मी अण्णांच्या बाबतीत डोळ्यांनी बघितलंय.

जे बँकेत तेच बाकी ठिकाणी. अंगणवाडीच्या ताई, तलाठी, पोस्टातले लोक, सगळ्यांच्या हातात रोज नवीन ॲप येतंय आणि सगळ्यांना हेच ऐकून घ्यावं लागतंय की तुम्ही बदलत नाही. आमच्या गल्लीतल्या अंगणवाडीच्या ताई परवा माझ्याकडे फोन घेऊन आल्या होत्या, फोटो अपलोड होत नव्हता. आम्ही दोघी ओट्यावर बसून पाऊण तास खटपट केली तेव्हा झाला. त्या पाऊण तासाचे त्यांना कुणी पैसे देणार नाही.

त्या वाचकाला एकच विनंती, पुढच्या वेळी लाइनीत असाल तेव्हा काचेपलीकडच्या माणसाला विचारा की हे नवीन कधीपासून सुरू झालं. बहुतेक वेळा उत्तर 'आजच' असं येईल.

पत्र फार लांबलं हे कळतंय. जागेअभावी कापावं लागलं तर माझ्या अकरा हजार पाचशेचं कापा, नोटबंदीचंही कापा, पण पासवर्ड देणाऱ्या साहेबांचं आणि दोनदा दाबलेल्या एंटरचं तेवढं राहू द्या.

आपली नम्र,
एक निवृत्त हेड कॅशियर, जि. सातारा